वन्संचा पट्टा आणि लिथियमची पेटी

वन्संनी मला पहिल्यांदा मारलं तेव्हा मला लग्न होऊन या घरात येऊन अकरा दिवस झाले होते.

कारण ऐका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कमी झालं होतं, मी नळाचं पाणी ओतलं. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालायचं असतं हे मला कुठून माहीत? माझे वडील रेल्वेत तिकीट तपासनीस, मी रेल्वे कॉलनीत वाढलेली, आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. वन्सं दुकानातून वर आल्या, बादली बघितली, आणि काही न विचारता माझ्या कानाखाली अशी वाजवली की भिंत जवळ आल्यासारखी वाटली. मग त्याच हातांनी त्यांनी ओलं फडकं माझ्या गालावर धरलं, मला पाटावर बसवलं आणि वर तूप घालून वरणभात वाढला. मी रडत रडत जेवले. भूक होती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी मी निशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "तुझी बहीण तरी किंवा मी तरी."

तो म्हणाला, "ताई परक्याला मारत नाही, शलाका. आता तू घरातली झालीस."

काय पण तर्क! डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण राहिले. चौदा वर्षं झाली त्याला.

'वन्सं' हा शब्दही मला इथेच शिकावा लागला. आमच्या कॉलनीत नणंदेला ताई म्हणायचे. पागे मंडळी जुनी, त्यांचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर झाशीला आले आणि इथलेच झाले. बाहेर सगळे बुंदेली बोलतात, चिडले की हिंदीत शिव्या देतात, पण घरात शिरलं की वन्सं, पोलकं, न्याहारी असले शब्द निघतात. वन्संचं पूर्ण नाव कमलिनी शिवाजीराव पागे. लक्ष्मी गेटच्या आत खाली 'पागे बॅटरी' हे दुकान आणि वर आम्ही. वय आता चोपन्न. लग्न केलं नाही. शिवाजीराव गेले तेव्हा वन्सं बावीस वर्षांच्या आणि निशांत नऊ वर्षांचा. आई तर त्याआधीच गेलेली. दुकानही त्यांनी सांभाळलं आणि भाऊही. साडीवर वडलांचा जुना खाकी शर्ट चढवायचा, बाह्या दुमडायच्या, आणि पंचावन्न किलोची बॅटरी पट्ट्यानं उचलून रिक्षात ठेवायची. तेही एकटीनं, बाजूला उभ्या पुरुषांकडे न बघता.

हा पट्टा नीट समजून घ्या. चार बोटं रुंद जाड कॅनव्हासची पट्टी, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. आकडे बॅटरीच्या कानांत अडकवायचे आणि उचलायचं. काम नसलं की तो वन्संच्या गळ्यात असायचा, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तसा. लक्ष्मी गेटला त्या पट्ट्याची ख्याती होती. निशांत बारा वर्षांचा असताना एका मोटरसायकलवाल्यानं त्याच्या पायावरून चाक नेलं आणि वर त्यालाच 'अंधा है क्या' म्हणाला. वन्संनी पट्टा फिरवला. आधी हेडलाइट फुटला, मग दोन दात. तो माणूस आजही दुकानावरून जाताना "दीदी, प्रणाम" म्हणून जातो, आणि त्या पुढच्या दोन दातांशिवायच हसतो.

आता ठिणगीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं.

शिवाजीरावांची रीत अशी की बॅटरी कुठलीही असो, नवी, जुनी, कुणाचीही, ठिणगी बघितल्याशिवाय ती घरात घ्यायची नाही. जाड तांब्याची तार घ्यायची, एक टोक एका खुंटीला धरायचं, दुसरं टोक दुसऱ्या खुंटीला क्षणभर टेकवायचं. ठिणगी पांढरी आणि जाड पडली तर बॅटरीत जीव आहे. पिवळी, बारीक पडली तर म्हातारी. पडलीच नाही तर मेलेली. मीटर असतो, काचेची नळी असते, त्यानं ॲसिड ओढून बघता येतं, पण पाग्यांचा विश्वास ठिणगीवर. याच ठिणगीनं शिवाजीरावांचा उजवा डोळा घेतला होता. चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीतून गॅस निघतो, त्यात ठिणगी पडली, झाकण उडालं, ॲसिड तोंडावर. महिनाभर पडून होते. उठले आणि राहिलेल्या डोळ्यानं परत ठिणगी बघायला लागले. वन्संच्या गळ्यावर, मनगटांवर ॲसिडच्या डागांची नक्षीच आहे. आमच्या घरात एक सुती कपडा भोकांशिवाय नाही. पण रीत म्हणजे रीत.

निशांत फौजेत गेला, सतरा वर्षं राहिला. तिथे तो शिडाच्या होड्या चालवायला शिकला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. झाशीचा मुलगा, ज्याला पाणी म्हणजे टँकरचं माहीत, तो वारा आणि शीड यांशिवाय काही बोलेना! पेन्शन घेऊन आला तो कमरेच्या मणक्यातली गादी सरकवून आणि लिलावातली एक जुनी होडी घेऊन. मोठ गावाच्या रस्त्यावर बेतवेला बंधारा घातलाय, त्याच्या पाण्यात ती उतरवली. आम्हाला मूल नाही. मुलगी झाली तर सई म्हणायचं ठरलं होतं, ते होडीवर रंगवलं. सुट्टीच्या दिवशी माणसं यायची, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची. निशांत त्यांना फिरवायचा. इतका आनंदात मी त्याला कधी बघितला नव्हता. वन्सं महिन्यातून एकदा बंधाऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि तो परत येईपर्यंत पाण्याकडे डोळे वटारून बघायच्या. निशांतला पोहता येत होतं, पण वन्संना नव्हतं, म्हणून त्यांना पाण्याचा राग होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ पाण्यावर सोडायचा म्हणजे त्यांच्या जिवाचा थरकाप व्हायचा. म्हणून होडीतली मोटर त्यांनी स्वतःच्या देखरेखीत बसवून घेतली होती. वारा पडला किंवा उलटा झाला तर शीड उतरवून मोटरवर काठाला यायचं. त्या मोटरसाठी होडीच्या पोटात चार बॅटऱ्या, अर्थात पाग्यांच्या दुकानातल्या, शिशाच्या.

दोन वर्षांत त्या थकल्या. शिवाय पाण्याकाठी वीज नाही. प्रत्येक वेळी बॅटऱ्या काढून पायऱ्या चढून चौकीदाराच्या खोलीत न्यायच्या, चार्ज करायच्या, परत खाली आणायच्या. निशांतची कंबर गेली कामातून.

वैशाखात एक दिवस जेवताना त्यानं विषय काढला. "ताई, मी लिथियम घालणार आहे."

वन्संचा घास हातातच राहिला. "काय घालणार?"

"लिथियमची बॅटरी. चार बॅटऱ्या म्हणजे सव्वादोनशे किलो. शिशाची अर्ध्याच्या खाली उतरवली तर मरते, म्हणजे चार घेऊन दोनचंच काम. लिथियमची एक पेटी, पंचेचाळीस किलो, जवळजवळ सगळी वापरता येते. ढकलगाडीवर ठेवली की झालं. माझी कंबर बघ ना जरा."

"होडीच्या तळाशी वजन नको? उलटेल ती."

"बारा पोती वाळू ठेवतोय."

"वाळू भरायची तर शिशानं काय घोडं मारलंय?" वन्सं म्हणाल्या. मला हसू आलं, मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"वाळू रोज पायऱ्या चढवावी लागत नाही," तो म्हणाला.

"हे बघ निशू. शिसं मरायच्या आधी सांगतं. मोटर मंद होते, दिवा पिवळा पडतो, वास येतो. तेवढ्यात माणूस घरी पोचतो. तुझी ती पेटी शेवटपर्यंत छान चालेल आणि एकाएकी डोळे मिटेल. तेही भर पाण्यात."

"अगं, तिच्या आत सर्किट असतं. काही गडबड झाली की आपोआप बंद होते. स्वतःची राखण स्वतः करते."

"स्वतःची करते ना?" वन्संचा आवाज चढला. "तुझी नाही करत!"

"तुला फक्त तुझं दुकान दिसतंय, ताई."

हे बोलायला नको होतं. तांब्या माझ्या हातातून कधी गेला कळलं नाही. तो निशांतच्या खांद्यावर आदळून दाराला लागला आणि दाराची फळी चिरली. निशांतनं ताट भिंतीवर भिरकावलं. आमटी छतापर्यंत गेली. दोघं समोरासमोर उभी, एकच नाक, एकच जबडा, आणि मध्ये मी, हातात पोळ्यांचा डबा. "मारा, मारा," मी ओरडले, "एकमेकांचे मुडदे पाडा, मग मी निवांत जेवते!" दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन दिशांना गेली. आमटीचे डाग छताला अजून आहेत.

चार दिवसांनी निशांतनं पेटी आणली. सिपरी बाजारात नीरज म्हणून एकाचं लिथियमचं दुकान आहे. मोठ गावचा मुलगा, तिशीचा, डिप्लोमा केलेला, बोलायला गोड. पेटी पूर्ण भरून जिन्याखाली ठेवली. ठरलं असं की दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, ऊन उतरलं की निशांत ती होडीत बसवेल आणि पहिली फेरी एकटाच मारेल.

त्या दिवशी सकाळी आठला मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यात होते. निशांत आंघोळीला गेलेला. खाली वन्सं आल्या, हातात तांब्याची तार. मी थांबले.

त्यांनी तार टेकवली. निळा लोळ उठला! बंदुकीसारखा आवाज झाला, तारेचं टोक वितळून फरशीवर पडलं, वन्सं मागच्या भिंतीवर आपटल्या. मला वाटलं गेल्या. पण त्या उठल्या, बोटं झटकली, दुसरी तार घेतली आणि परत टेकवली. काहीच नाही. परत. काहीच नाही. साधी चमकसुद्धा नाही.

"मेली," वन्सं स्वतःशीच म्हणाल्या. "एका ठिणगीत मेली. फसवलं माझ्या भावाला."

मी दोन पायऱ्या मागे सरकले. वन्संचं लक्ष नाही असं मला वाटलं.

न्हाणीघरातून निशांतनं विचारलं, "कसला आवाज झाला गं?"

आणि मी म्हटलं, "काही नाही, भांडं पडलं."

का म्हटलं? चौदा वर्षांत हजार वेळा मी स्वतःला विचारलं असेल की या घरात तोंड उघडून काय मिळतं. त्या सकाळी मला भांडण नको होतं. पोळ्या व्हायच्या होत्या. आणि मनात असंही होतं, की पेटी खरंच खराब निघाली तर बरंच, वन्संचं खरं होईल आणि घर थंड होईल. चारला अजून आठ तास होते. मला काय माहीत होतं? काहीच माहीत नव्हतं. आणि तरी मी भांडं पडलं म्हटलं.

साडेनऊला वन्संनी मला स्कूटरच्या मागे बसवलं. "चल. साक्षीदार हवा."

"निशांतला सांगायचं नाही?"

"आधी चोर धरून आणते, मग दोघं समोर उभे करते. त्याला त्याच्या कानांनी ऐकू दे."

त्यांना जिंकायचं होतं. नुसतं खरं ठरणं त्यांना पुरत नव्हतं.

साडेदहाला शटर उघडेपर्यंत आम्ही बाहेर उभ्या. नीरज दुकान झाडत होता. "अरे दीदी, नमस्ते, आइए," म्हणून त्यानं हात जोडले, आणि जोडलेल्या हातांवरच पट्टा बसला. पहिला फटका मनगटांवर, दुसरा पाठीत. तिसऱ्याला आकडा त्याच्या कानात अडकला आणि कानाची पाळी अर्धी उतरली. काउंटरची काच फुटली. रक्त पांढऱ्या शर्टावर भराभर पसरलं. मी वन्संच्या कमरेला मिठी मारून मागे ओढत होते, पण त्या बाईला ओढणं म्हणजे भरलेली बैलगाडी ओढणं.

"मुर्दा माल दिया मेरे भाई को?"

"दीदी, टेस्ट करके दी है, कसम से!"

"एक चिंगारी में मर गई!"

नीरज कानावर हात धरून खाली बसला होता. त्यानं एकदम वर बघितलं. "चिंगारी? दीदी, आपने शॉर्ट मारा क्या?"

वन्सं थांबल्या.

"मरी नहीं है, दीदी. लॉक हो गई है. शॉर्ट मारोगे तो अपने को बचाने के लिए बंद हो जाती है. चार्जर छुआ दो, उठ जाएगी." आणि हा मुलगा, ज्याचा कान लोंबत होता, उठला. फुटलेल्या काचांतून एक छोटी पेटी काढली, आमच्यासमोर तार टेकवली. निळा लोळ. परत टेकवली. काही नाही. मग चार्जरची पिन लावली, एक क्षण, काढली. बल्ब जोडला. बल्ब लखलखीत लागला. रक्ताचे थेंब पेटीवर पडत होते आणि तो रागानं नाही, शिकवल्यासारखं बोलत होता. "देखिए. ज़िंदा है."

वन्संचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ओठ पांढरे.

मी फोन काढला. निशांतचा मेसेज येऊन पडला होता, दहा पन्नासचा. 'वारा मस्त आहे. चारपर्यंत कोण थांबणार? पेटी बसवली, निघालो.'

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, वाजत राहिला. आणि तेवढ्यात रस्त्यावरचं एक शटर धाडकन आपटलं, मग दुसरं. आकाश पिवळं झालं. मे महिन्यातलं धुळीचं वादळ, आंधी म्हणतात ती, इथे सांगून येत नाही.

"मोटर लावून बघितली असेल ना त्यानं? निघण्याआधी?" मी विचारलं.

आम्हा दोघींना उत्तर माहीत होतं. वारा असताना मोटरला हात लावणं निशांतला कमीपणाचं वाटायचं. मोटर फक्त परत येण्यासाठी.

बंधारा तिथून सव्वीस किलोमीटर. डोळ्यांत माती, रस्त्यावर मोडलेल्या फांद्या, एका ठिकाणी पत्र्याचं अख्खं छप्पर आमच्या पुढून रस्ता ओलांडून गेलं. वन्संनी स्कूटर कुठेच हळू केली नाही. मी मागे त्यांचा खाकी शर्ट मुठीत धरून ओरडत होते. काय ओरडत होते? शिव्या देत होते. वन्संना, वाऱ्याला, होडीला, नीरजला. स्वतःचं नाव काही मी घेतलं नाही.

बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा होडी दगडी पायऱ्यांना लागली होती. लागली म्हणजे लाटा तिला उचलून दगडावर आपटत होत्या, परत ओढत होत्या, परत आपटत होत्या. शीड फाटून पाण्यात. निशांत कमरेपर्यंत पाण्यात, डावा हात होडीची कड आणि दगड यांच्या मध्ये. होडी आदळू नये म्हणून त्यानं हात मध्ये घातला असणार. प्रत्येक लाटेला होडी त्या हातावर बसत होती. हाड मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला. एकदा नाही. तो ओरडतही नव्हता, नुसता उजव्या हातानं होडी ढकलत होता, आणि ती परत येत होती. दोन मच्छीमार दोरी घेऊन पोचायच्या प्रयत्नात होते, त्यांची स्वतःची डोंगी उलटली होती.

ज्यांना पोहता येत नाही त्या वन्सं पायऱ्या उतरून छातीइतक्या पाण्यात गेल्या. पट्ट्याचा आकडा होडीच्या पुढच्या कडीत अडकवला, पाय पायरीला रोवले आणि ओढलं. लाट त्यांना दगडावर आपटायची, त्या उठायच्या, परत ओढायच्या. बत्तीस वर्षं शिसं उचललेली ती पाठ. तिसऱ्या लाटेला होडी हातभर मागे आली आणि मी निशांतला काखेत धरून बाहेर खेचलं. त्याचा डावा पंजा मनगटापासून चिंधीसारखा लोंबत होता.

"मोटर," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "शीड उतरवलं, बटण दाबलं, पेटी मेलेली, शलाका. पूर्ण भरलेली होती, मी बघितलं होतं."

वन्सं पाण्यातून वर येत होत्या. त्यांनी एक क्षणही घेतला नाही. "मी मारली, निशू. सकाळी मी ठिणगी बघितली."

निशांतनं त्यांच्याकडे बघितलं. मग धड राहिलेल्या हाताची मूठ करून बहिणीच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. वन्संनी तोंड फिरवलंसुद्धा नाही. तो शुद्ध हरपून माझ्या अंगावर पडला. वर रस्त्यावर नीरज मोटरसायकल आडवी टाकून धावत येत होता. कानाला रुमाल बांधलेला आणि काखेत चार्जर.

संध्याकाळी पाचला डॉक्टरांनी सांगितलं की कोपराखालचा हात वाचत नाही, कापावा लागेल. मी कागदावर सही केली. मग दवाखान्याच्या मागच्या अंगणात आले. वन्सं तिथे नळाशी उभ्या होत्या, तोंडावरचं रक्त धूत. पट्टा गळ्यातच होता, ओला.

मी तो ओढून घेतला.

चौदा वर्षं मी त्या बाईला अहो-जाहो केलं होतं. "तू," मी म्हटलं, "तू खाल्लास त्याचा हात. तुझ्या बापाचा डोळा खाल्ला तुमच्या ठिणगीनं, तेवढ्यानं पोट भरलं नाही तुझं?" आणि मारलं. पाठीत मारलं, दंडावर मारलं. माझ्या हाताला काय झालं होतं कुणास ठाऊक, थांबतच नव्हता. आणि दर फटक्याला माझ्या डोक्यात एकच वाक्य वाजत होतं, भांडं पडलं, भांडं पडलं. मी कुणाला मारत होते ते मला तेव्हाही कळत होतं.

वन्संनी हात वर केले नाहीत. एकदाच बोलल्या. "डोक्यात नको मारूस. पोलीस विचारतील."

पुढचा फटका आकड्याचा होता. तो उजव्या खांद्यावर, गळ्याजवळच्या हाडावर बसला आणि कडकन आवाज झाला. तेव्हा माझा हात थांबला. वन्सं खाली बसल्या. त्यांना मी उठवलं नाही. वॉर्डबॉयनं उठवलं.

हवालदार आला, विचारपूस झाली. वन्सं म्हणाल्या, "नाव खींचते वक़्त टूटा." मच्छीमारांनी त्यांना ओढताना बघितलंच होतं. लक्ष्मी गेटला सगळे म्हणायला लागले की पागे दीदींनी भावासाठी खांदा मोडून घेतला. मी गप्प. नीरजनंही तक्रार दिली नाही, म्हणाला काउंटरची काच पडून कान कापला.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. वन्संचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. बॅटरी तर सोडाच, त्यांना स्वतःची वेणी घालता येत नाही. ती मी घालते. रोज सकाळी, न बोलता. निशांत तर त्यांच्याशी बोलायचाच बंद झाला होता. त्या स्वयंपाकघरात आल्या की तो ताट घेऊन उठायचा. चार महिने असे गेले. होडी काठावर पालथी पडलेली.

एक दिवस मी वेणीचे पेड घट्ट ओढत होते. माफी मागायची म्हणते, तोंडातून शब्द निघत नाही, मग केसांवर जोर निघतो. वन्सं म्हणाल्या, "जिन्यात तू होतीस ना त्या दिवशी?"

फणी हातातून पडली. "तुम्हाला दिसले होते मी?"

"बादली दिसली."

"मग दवाखान्यात का नाही बोललात? मी मारत होते तेव्हा?"

"निशूला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला एकच हात राहिलाय. एकीवरच रागवू दे."

मी रबर लावलं. मग तशीच उठून निशांतकडे गेले आणि सगळं सांगितलं. बादली, निळा लोळ, भांडं पडलं, अंगणातला पट्टा, गळ्याजवळचं हाड. माझ्याच्यानं ते एकटीनं पेलवेना आणि वन्संनी माझ्या वाटचं उचलावं हे तर मुळीच पेलवेना. त्यानं ऐकून घेतलं. हातातला चहाचा पेला भिंतीवर फेकला, छताच्या आमटीच्या डागांखाली बरोबर. मग दार लावून बसला. दोन दिवस तो माझ्याशीही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना वन्सं आल्या आणि तो उठला नाही. डाव्या बाहीचं टोक मांडीवर ठेवून एका हातानं भाकरी मोडत बसला. मोडत नव्हती. वन्संनी आपल्या डाव्या हातानं ती धरली, त्यानं तुकडा तोडला.

"होडी दुरुस्त करतोय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "ताई, बॅटरी कुठली घालू?"

मला वाटलं शिसं म्हणतील. शिसं म्हणाल्या असत्या तर मी ते दोन्ही हातांनी पायऱ्यांवरून वर-खाली केलं असतं, जन्मभर.

"लिथियमच घे," त्या म्हणाल्या. "नीरजकडूनच घे. तुझा एक हात गेला, माझा एक. शिसं आता उचलणार कोण?"

त्या घरात दोन्ही हात धड असलेली मी एकटी. मला कुणीच विचारलं नाही.